टायटल वनचा आराखडा करताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाकडून, निरोप येतो: टायटल वनचा, म्हणजे गरीब वस्त्यांतल्या शाळांना केंद्राकडून मिळणाऱ्या पैशाचा, पुढच्या वर्षाचा आराखडा दोन आठवड्यांत पाठवा. मग गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा आणि आकडे बदलायचे, सह्या गोळा करायच्या आणि पाठवून द्यायची. मी न्यू जर्सीतल्या एका प्राथमिक शाळेत वाचन शिकवते. आठ वर्षं हा आराखडा करणाऱ्या समितीवर आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं आम्हीही हेच केलं. माझ्या ओळखीच्या काही मराठी मैत्रिणी आता आपापल्या शाळांच्या अशा समित्यांवर जाऊ लागल्या आहेत, कुणी शिक्षिका म्हणून, कुणी पालक म्हणून. त्या जे प्रश्न विचारतात, त्यांतूनच हा लेख झाला.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गरीब वस्त्यांतल्या शाळांना केंद्र सरकारने जादा पैसा द्यायचा, हा कायदा ११ एप्रिल १९६५ रोजी झाला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणीच्या शाळेसमोर बसून त्यावर सही केली, शेजारी त्यांच्या पहिल्या शिक्षिका होत्या. तरुणपणी, १९२८-२९ मध्ये, जॉन्सन स्वतः कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत होते. त्या कायद्याचा पहिला भाग म्हणजे टायटल वन. २०१५ साली कायद्याची नवी आवृत्ती आली आणि आज तीच लागू आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात या एका भागासाठी १८ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम होती. एवढा पैसा येऊनही ज्या मुलासाठी तो आला त्याच्यापर्यंत काही पोचत नाही, असं होतं तेव्हा चूक बहुतेक वेळा आराखड्यातच झालेली असते.

आधी खरेदी, मग गरज

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावरच जास्त लिहिते.

एका वर्षी आमच्याकडे टॅबलेट आणि त्यावरचा वाचनाचा प्रोग्रॅम घ्यायचं आधी ठरलं आणि त्याला शोभेल अशी गरज नंतर लिहिली: "दुसरीतली मुलं वाचनात मागे आहेत." वाक्य खोटं नव्हतं, पण त्यातून काय करायचं ते कळत नाही. ताप आहे एवढंच सांगितल्यावर औषध कुठलं द्यायचं?

पुढच्या वर्षी मी आणि दुसरीच्या वर्गशिक्षिकेने मागे असलेल्या बारा मुलांना एकेकटं बसवून वाचायला लावलं. पाच मुलांना अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचता येत नव्हता. चार मुलं सरळ वाचत होती, पण वाचलेलं सांगा म्हटलं की गप्प. त्यांच्या घरी स्पॅनिश किंवा गुजराती बोलत होते आणि इंग्रजी शब्दांचा साठा तोकडा होता. उरलेल्या तिघांना वाचता येत होतं तेवढं ठीक होतं, पण ती शाळेतच नसायची. इथे १० टक्के दिवस बुडाले की मूल 'सतत गैरहजर' धरलं जातं. १८० दिवसांच्या वर्षात म्हणजे १८ दिवस. ही तिघं जानेवारीतच त्याच्या पुढे गेली होती. घरी फोन केल्यावर कळलं की बसचा थांबा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे गेला होता आणि पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या आयांना मुलांना तिथवर सोडायला जमत नव्हतं.

परीक्षेच्या तक्त्यात ही बाराही मुलं एकाच लाल रंगात होती, आणि आम्ही बाराही जणांच्या हातात सारखाच टॅबलेट दिला होता. पाच जणांना ध्वनी आणि अक्षरं नीट शिकवणारी माणूस हवी होती, आठवड्यातून तीन-चार दिवस, लहान गटात. चौघांना भरपूर बोलणं, गोष्टी ऐकणं, शब्दांशी खेळणं हवं होतं. तिघांना बसचा थांबा हवा होता, आणि त्याला टायटल वनचा एक डॉलरही लागला नाही; प्रिन्सिपलबाईंनी वाहतूक विभागाला पत्र लिहिलं.

तेव्हा गरजेच्या रकान्यात विषयाचं नाव लिहून थांबू नका. कोणती इयत्ता, किती मुलं, नेमकं कुठे अडतात आणि का, हे चारही लिहा. "का"चं उत्तर शिक्षकांच्या खोलीत बसून मिळत नाही. त्यासाठी मूल वाचताना ऐकावं लागतं, घरी फोन करावा लागतो, शाळेच्या नर्सला विचारावं लागतं. कायदाही पहिल्यांदाच स्कूलवाइड होणाऱ्या, म्हणजे हा पैसा पूर्ण शाळेसाठी वापरू लागणाऱ्या, शाळेला तयारीसाठी साधारण वर्षभर देतो. दोन आठवड्यांत हे होणारच नाही. नोव्हेंबरात सुरुवात करा.

गरिबी आणि गरज यांची गल्लत

पैसा शाळेला मिळतो तो गरिबीच्या आकड्यावर. मुलाला मदत मिळते ती अभ्यासातल्या अडचणीवर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन समित्या इथे हमखास अडकतात. फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांची यादी काढायची आणि त्यांनाच जादा तासाला बसवायचं, असं करू नका. ते चुकीचं तर आहेच, शिवाय कुणाच्या घरची मिळकत किती ही माहिती गोपनीय असते. गरीब घरातली एखादी मुलगी वर्गात पहिली असते. तिला त्या तासाला बसवलं तर आपण तिला फक्त एवढंच कळवतो की तू गरीब आहेस.

शाळा दोन तऱ्हांनी हा पैसा वापरते. किमान ४० टक्के मुलं गरीब कुटुंबांतली असतील (राज्याने सूट दिली तर त्याहून कमी असतानाही) तर स्कूलवाइड पद्धत घेता येते. त्यात पूर्ण शाळा सुधारण्यासाठी पैसा वापरता येतो आणि मुलांची वेगळी यादी करावी लागत नाही. नाहीतर टार्गेटेड असिस्टन्स. तिथे यादी करायची, पण ती अभ्यासात सगळ्यांत मागे असलेल्या मुलांची.

आणखी एक घोटाळा फुकट जेवणामुळेच होतो. पुष्कळ शाळांत आता सगळ्याच मुलांना फुकट जेवण देण्याची योजना आहे. फूड स्टॅम्पसारख्या, गरीब घरांसाठीच्या योजनांमुळे आपोआप नोंद झालेली मुलं किती टक्के हवीत ही तिची अट २०२३ मध्ये ४० वरून २५ वर आल्यावर आणखी शाळा तिच्यासाठी पात्र झाल्या. जेवण सगळ्यांना मिळतं म्हटल्यावर घरचे लोक मिळकतीचा फॉर्म भरत नाहीत, आणि कागदावर शाळेतली गरिबी एका वर्षात कमी झालेली दिसते. आकडा असा अचानक घसरला तर वस्ती श्रीमंत झाली असं समजू नका. अशी आपोआप नोंद झालेल्या मुलांची संख्या डिस्ट्रिक्टकडे असते आणि तिला १.६ ने गुणण्याची सोय आहे. ५०० मुलांपैकी ३०० जणांची अशी नोंद असेल तर ६० टक्के गुणिले १.६, म्हणजे ९६ टक्के. गरिबी मोजायला डिस्ट्रिक्ट कोणता आकडा घेतं, हे समितीने स्पष्ट विचारावं.

शाळेचा नेहमीचा खर्च या पैशातून भागवणं

१९६९ साली नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी एक अहवाल काढला. टायटल वनचा पैसा पोहण्याचे तलाव बांधण्यापर्यंत भलत्याच गोष्टींवर खर्च होतो आहे, आणि स्थानिक पैसा काढून घेऊन त्या जागी केंद्राचा भरला जातो आहे, हे त्यातून उघड झालं. तेव्हापासून नियम कडक झाले. तत्त्व साधं आहे: हा पैसा आधीच्या पैशात भर घालण्यासाठी, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे. "या शिक्षिकेचा पगार टायटल वनमध्ये टाकू, म्हणजे आपलं बजेट मोकळं होईल" हे वाक्य मी बैठकीत ऐकलं आहे. ऐकलंत तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

पण याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. पूर्वी प्रत्येक खर्च 'जादा' आहे हे वेगळं सिद्ध करावं लागे. त्या भीतीपोटी शाळा सगळं वेगळं ठेवायच्या: वेगळी खोली, वेगळी पुस्तकं, वेगळ्या शिक्षिका. २०१५ नंतर ती कसोटी राहिली नाही. डिस्ट्रिक्ट आपला राज्याचा आणि स्थानिक पैसा शाळांना वाटताना टायटल वनची शाळा म्हणून कुणाला कमी देत नाही ना, हे आता पाहिलं जातं. तरीही कितीतरी आराखडे जुन्याच भीतीने लिहिले जातात.

वर्ग चालू असताना मुलाला उठवून नेणं

त्या भीतीचं फळ मुलं भोगतात. मुख्य वाचनाचा तास चालू असतो, तेव्हाच मागे असलेल्या मुलाला "मदतीसाठी" बाहेर नेतात. वर्गातला तास बुडतो, बाहेर निराळंच काहीतरी चालतं, आणि मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं. टार्गेटेड पद्धतीतही कायदा सांगतो की शाळेच्या वेळेत मुलाला वर्गाबाहेर नेणं शक्य तितकं कमी करा. जादा मदत म्हणजे मुख्य तासाखेरीज आणखी वेळ. आमच्याकडे त्यासाठी पूर्ण इयत्तेचं वेळापत्रक बदलून रोज अर्धा तास राखून ठेवावा लागला. तीन महिने वाद झाले. पण वेळापत्रकाला हात लावल्याशिवाय हे जमत नाही.

आणि त्या अर्ध्या तासात मुलाला शिकवतं कोण? हे मला अगदी मनापासून लागतं. सगळ्यात जास्त अडणाऱ्या मुलाला आपण अनेकदा सगळ्यात कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाकडे सोपवतो. वर्गसहायक बाया जीव ओतून काम करतात. माझ्या मराठी मैत्रिणींपैकी कित्येकींची इथली सुरुवात तिथूनच झाली. पण त्यांनी शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकवायचं असा नियम आहे, आणि तो मुलाच्या हिताचा आहे. सहायक आणि वाचन-शिक्षिका दोघींना प्रशिक्षण मिळेल असा खर्च आराखड्यात धरा. या पैशातून ते करता येतं.

पालकांना फक्त सहीपुरतं बोलावणं

सभा सकाळी दहा वाजता, चिठ्ठी इंग्रजीत, आणि मग अहवालात "पालकांचा प्रतिसाद अल्प". हा पालकांवर अन्याय आहे. वर्षातून एक सभा घेऊन टायटल वन म्हणजे काय आणि त्यात पालकांचे हक्क कोणते हे सांगणं शाळेला बंधनकारक आहे. सभा सकाळी आणि संध्याकाळी अशा वेगवेगळ्या वेळांना ठेवण्याची तरतूद आहे, आणि येण्याजाण्याचा किंवा सभेच्या वेळी मुलं सांभाळण्याचा खर्चही या पैशातून करता येतो. डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरहून जास्त मिळत असतील तर किमान १ टक्का पालकसहभागासाठी बाजूला काढावा लागतो आणि त्यातला ९० टक्के शाळांकडे जायला हवा. तो कशावर खर्च करायचा हे ठरवताना पालकांना विचारायचं असतं.

शाळा आणि पालक यांच्यातला 'कॉम्पॅक्ट' नावाचा करारही असाच वाया जातो. सप्टेंबरात दप्तरातून घरी जातो, सही होऊन परत येतो, कपाटात पडतो. प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा शिक्षक आणि पालक यांनी समोरासमोर बसून त्यावर बोलायचं असतं, आपल्या मुलाबद्दल.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेशी संबंध आलेल्यांना शाळा व्यवस्थापन समिती आठवेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं ठरवलं, आणि शाळा विकास आराखडा करण्याचं काम तिला दिलं. कितीतरी गावांत ती समिती कागदावर राहिली हे खरं. पण "आराखडा पालकांनी करायचा" ही कल्पना आपल्याला परकी नाही. तरी इथे आल्यावर आपले लोक शिक्षकांपुढे गप्प बसतात, त्यांना काय विचारायचं म्हणून. विचारा. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते: स्कूलवाइड आराखडा पालकांना पटला नाही, तर त्यांनी नोंदवलेले आक्षेप शाळेने आराखड्याबरोबर डिस्ट्रिक्टला पाठवायचे असतात. आक्षेप लेखी द्या. आपल्या भाषेत दिला तरी द्या. आणि शाळेतल्या मंडळींनी एवढं पाळावं की दुभाषा म्हणून त्या घरच्या मुलाला उभं करू नये. स्वतःच्या वाचनातल्या अडचणी आठ वर्षांच्या मुलाने आईला भाषांतर करून सांगायच्या, हे मी पाहिलं आहे.

हिशेबाच्या दोन गोष्टी

डिस्ट्रिक्टला साधारणपणे मिळालेल्या रकमेच्या १५ टक्क्यांहून जास्त शिल्लक पुढच्या वर्षात नेता येत नाही, म्हणून मे महिन्यात घाईघाईने खरेदी होते. ते टाळायचं तर उरलेला पैसा फेब्रुवारीतच मोजा. दुसरं म्हणजे, ज्यांचा पगार अर्धा टायटल वनमधून आणि अर्धा दुसरीकडून होतो, त्यांच्या कामाच्या वेळेची नोंद वर्षभर ठेवा. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात ती आठवून लिहिता येत नाही.

जानेवारीत कळलं की जमत नाहीये

तेव्हा बहुतेक समित्या जून उजाडण्याची वाट बघतात. आराखडा एकदा मंजूर झाला की हात लावता येत नाही, अशी समजूत असते. खरं तर वेळोवेळी तपासून गरजेप्रमाणे बदलत राहण्यासाठीच तो असतो. त्यासाठी उद्दिष्ट मुळातच मोजता येईल असं लिहिलेलं हवं. "वाचनात सुधारणा होईल" असं लिहिलं तर जानेवारीत तपासायचं काय? "ज्या पाच मुलांना शब्द जोडता येत नाहीत, त्यांच्यापैकी निदान तिघं जानेवारीच्या चाचणीत इयत्तेच्या पातळीला येतील" असं लिहिलं की पाचच कागद बघायचे असतात.

आमच्या त्या पाचांपैकी त्या जानेवारीत एकच आला होता. गट सात मुलांचा झाला होता, आणि ठरलेल्या चार दिवसांपैकी दोनच दिवस तास होत होता. उरलेले दोन दिवस वाचन-शिक्षिकेला, म्हणजे मला, रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गावर पाठवत होते. आम्ही आराखड्यात दुरुस्ती केली. वाचन-शिक्षिकेला रजेवरच्या शिक्षकांच्या जागी पाठवायचं नाही असं लेखी घातलं, बदली शिक्षकांचा खर्च शाळेच्या नेहमीच्या बजेटकडे ठेवला, गट चारचा केला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख टाकली. मार्चमध्ये आणखी दोघं आली. उरलेल्या दोघांपैकी एकाला चष्मा हवा होता.