पेशी थांबल्या की मेल्या? इन्व्हेजन ॲसे लावताना

नवीन मुलगी लॅबमध्ये आली की मी तिला आधी पेशी वाढवलेले दोन फ्लास्क दाखवते. एकात एमसीएफ-७ पेशी, गोधडीच्या ठिगळांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. दुसऱ्यात एमडीए-एमबी-२३१, लांबट, सुट्या, कुणाचा हात न धरणाऱ्या. दोन्ही स्तनाच्या कर्करोगाच्याच. पण २३१वर नॅव्ह १.५ हा सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत सोडणारं पेशीच्या पडद्यातलं दार, असतो. एरवी हृदयाचा ठोका चालवणारा, इथे मात्र नवजात अवस्थेतल्या रूपात. त्यातून सोडियम झिरपत राहतं, पडद्यातलं एनएचई-१ हे प्रथिन जास्त प्रोटॉन बाहेर टाकतं, पेशीभोवती आंबटपणा वाढतो आणि कॅथेप्सिन ही पाचक विकरं भोवतालची प्रथिनांची जाळी पचवत वाट काढतात.

हा चॅनेल बुजवला तर पेशी जाळीपलीकडे जातात का, एवढंच आपल्याला बघायचंय. यालाच इन्व्हेजन ॲसे म्हणतात.

आदल्या रात्री मॅट्रिजेल (आपली जाळी, थंडीत पातळ, उबेत घट्ट होणारी) बर्फात घालून फ्रीजमध्ये ठेवा. टिप्सचा डबाही तिथेच. मे महिन्यात एसी बंद पडला असेल तर ते टिपमध्येच थिजतं, आणि त्याची किंमत आठवून सर दिवसभर बोलत नाहीत. सीरम (रक्तातलं पोषक द्रव) नसलेल्या थंड मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या खाद्यद्रावणात, पातळ करून ८ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टवर, म्हणजे प्लेटच्या खाचेत बसणाऱ्या चाळणीसारख्या पेल्यात, हलकेच सोडा. बुडबुडा नको. मग ३७ अंशांवर तासभर. वर सीरमविना साधारण ५० हजार पेशी, खाली १० टक्के सीरम. त्या वासानेच त्या खाली निघतात म्हणा.

चॅनेल बुजवायला टेट्रोडोटॉक्सिन, फुगू माशाचं विष. मज्जातंतूंमधले बरेचसे सोडियम चॅनेल नॅनोमोलर मात्रेत गप्प होतात. नॅव्ह १.५ हट्टी, त्याला १० ते ३० मायक्रोमोलर लागतं. विष वर आणि खाली दोन्हीकडे घाला. ते सायट्रेट बफरमध्ये असेल तर कंट्रोललाही, म्हणजे विष न घातलेल्या इन्सर्टलाही, तेवढाच बफर. हातमोजे दोन जोड, सुई अजिबात नको, आणि एकट्याने रात्री हे काम करायचं नाही.

आता माझी फजिती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी विषाच्या इन्सर्टखाली एकही पेशी दिसली नाही. मी उड्या मारत सरांकडे. त्यांनी विचारलं, "कंट्रोल बघितला का?" तोही रिकामाच. मीडियम लिंबासारखं पिवळं झालेलं. एल-१५ हे साध्या हवेसाठी बनवलेलं मीडियम, आणि मी ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं होतं. पेशी थांबल्या नव्हत्या, आंबून मेल्या होत्या. म्हणून एल-१५ असेल तर गॅसविना इनक्युबेटर, गॅसच हवा असेल तर डीएमईएम. आणि त्याच मात्रेची, तेवढ्याच तासांची एमटीटी प्लेट, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते रंगाने दाखवणारी चाचणी, शेजारी लावलीच पाहिजे. टेट्रोडोटॉक्सिनने पेशींची वाढ घटत नाही, चाल घटते. एमटीटी पडली तर तुमचा निकाल फेकून द्या.

२४ तास थांबायचंय, तोवर एक सांगते. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने २०२३ साली छापलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या जरा आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन टोचलं होतं. पाच वर्षं आजार न उलटलेल्या बायका इंजेक्शन न दिलेल्या गटात ८२.६ टक्के, दिलेल्या गटात ८६.६ टक्के. लिडोकेनही सोडियम चॅनेलच बुजवतं. फायदा त्यामुळेच झाला असं त्या चाचणीवरून म्हणता येत नाही, पण आपल्या प्लेटकडे बघताना ते डोक्यात राहतं.

दुसऱ्या दिवशी इन्सर्टची वरची बाजू ओल्या कापसाच्या काडीने पुसा. कोपरे विसरू नका, तिथेच न गेलेल्या पेशी लपतात. पेशी जागच्या जागी पक्क्या करायला मिथेनॉल, मग क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, पाण्यात बुडवून धुवा, वाळवा. विषाच्या बाजूला जांभळे ठिपके विरळ दिसतील. शून्य मात्र नाही. शून्य आलं तर आधी मीडियमचा रंग बघा.

मोजायच्या आधी प्लेटवरची नावं मैत्रिणीला चिकटपट्टीने झाकायला सांगा, म्हणजे विषाची बाजू कुठली ते मोजताना कळत नाही. मी अजूनही सांगते.