इंग्रजी मेल पाठवायच्या आधी एवढं तरी बघा

आपल्याकडे इंदूरला घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, आणि नोकरीचा अर्ज मात्र इंग्रजीत, त्यामुळे चुका बहुतेक एकाच जातीच्या होतात, वाक्य मराठी-हिंदीचंच असतं आणि वर फक्त शब्द इंग्रजी. म्हणून आख्खं ग्रामर घेऊन बसू नका, नेहमीच्या जागा तेवढ्या तपासा.

सगळ्यात मोठा घोळ 'सिन्स'चा. आपल्याला "तीन वर्षांपासून" काय आणि "2021पासून" काय, दोन्हीकडे 'पासून'च, हिंदीतही 'से'च, मग बिनधास्त लिहून मोकळे, "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स". किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स', आणि दोन्हीत 'हॅव बीन वर्किंग'.

"आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" नको, सरळ "आय हॅव". (जेवत असाल तर "हॅविंग लंच" चालतं हं.) 'अ' की 'ॲन' ते स्पेलिंग बघून नाही, उच्चारावरून ठरतं, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन एमबीए' पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, 'रिटर्न'पुढे 'बॅक' नको.

पण खरं सांगू का, ग्रामरपेक्षा जास्त नुकसान होतं ते मुद्दा शेवटी टाकल्याने. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि आपला मेलही तसाच, आधी नमस्कार-चमत्कार, मग सगळी हकीकत, आणि काय हवंय ते पार तळाला. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीतला एचआर तिथपर्यंत पोचतच नाही. पहिल्याच ओळीत मागा, "प्लीज सेंड माय रिलीव्हिंग लेटर बाय फ्रायडे", कारण-बिरण नंतर. आणि ते 'डू द नीडफुल' काढूनच टाका यार, नेमकं काय करायचं ते तुम्हीच सांगितलं नाही तर समोरच्याने काय ओळखायचं?

एका वाक्यात दोनदा 'अँड' आला की तिथे फुलस्टॉप देऊन बघा, बहुतेक वेळा बसतो. मराठीत आपण 'आणि' लावत कितीही लांब जातो (हे वाचताय त्यावरून कळलंच असेल), इंग्रजीत दम लागतो.

स्पेल-चेकवर विसंबू नका, 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडला तर बरेचदा लाल रेघ येतच नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा, आणि नाव, तारीख, अटॅचमेंट शेवटी परत बघा.