खताचे पोते, अणू आणि चर्चा पान: मराठी विकिपीडियावर विज्ञानाची परिभाषा सांभाळताना

मराठी विकिपीडियावर मी पहिल्यांदा हात घातला तो खतांवरच्या एका लेखाला. रसायनशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते. लेखभर 'नत्र', 'स्फुरद', 'पालाश' असे शब्द होते. पाठ्यपुस्तकात आपण नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम शिकतो. प्रमाण परिभाषा यायला हवी म्हणून मी तिन्ही शब्द सगळीकडे बदलले आणि लेख जतन केला. दोन दिवसांनी लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे संपादक त्या लेखाबद्दल बोलतात त्या जोडपानावर, निरोप आला. लिहिणारे स्वतः शेती करणारे होते. म्हणणे एका ओळीचे होते: "ताई, १०:२६:२६ च्या पोत्यात २६ टक्के फॉस्फरस नसतो."

खरेच नसतो. पोत्यावरचा मधला आकडा, स्फुरदाचा, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात मोजतात आणि तिसरा, पालाशचा, पोटॅशियम ऑक्साइडच्या. फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये वजनाने फॉस्फरस भरतो सुमारे ४४ टक्के. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात स्फुरद १३ किलो, पण मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस पावणेसहा किलोच्या आत. पालाशचेही तसेच, २६ टक्के पालाश म्हणजे साधारण साडेएकवीस टक्के पोटॅशियम. नत्र मात्र नायट्रोजन म्हणूनच मोजतात, युरियातले ४६ टक्के नत्र म्हणजे ४६ टक्के नायट्रोजनच. मी केलेल्या तीन बदलांपैकी एक चालण्यासारखा होता, उरलेल्या दोन बदलांनी लेखातले आकडे खोटे पाडले होते. तेही अशा लेखात, जो वाचून कुणी एकरी किती पोती टाकायची हे ठरवू शकतो. मी बदल उलटवले, आणि स्फुरद म्हणजे नेमके काय मोजतात हे सांगणारा परिच्छेद लेखात घातला.

नव्याने येणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी सांगते, कारण बहुतेक जण माझ्यासारखेच येतात: विज्ञान येते, मराठी येते, आता चुकीचे शब्द काढून बरोबर शब्द घालू. पण शब्द बदलण्याआधी त्या वाक्यात तो कशाला म्हटला आहे हे पाहावे लागते.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: प्रमाण शब्द शोधायचा कुठे? मी तीन ठिकाणी पाहते. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश, मराठी विश्वकोश (त्याचा अठरावा खंड सबंध परिभाषासंग्रहाचा आहे) आणि बालभारतीची पुस्तके. दिल्लीचा वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग १९६१ पासून काम करतो आहे. त्याचे एक तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. मूलद्रव्यांची नावे, एकके, व्यक्तींच्या नावांवरून आलेल्या संज्ञा यांचे भाषांतर करायचे नाही, लिप्यंतर करायचे.

मात्र ही ठिकाणे दर वेळी एकमेकांशी जुळतील या भरवशावर राहू नका. विश्वकोशात 'अम्ल' आहे, शाळेत 'आम्ल'. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वळतो, त्याला शाळेत 'अपवर्तन' म्हणतात, विश्वकोशात 'प्रणमन', आणि जुन्या पिढीच्या तोंडी 'वक्रीभवन' आहे. यातला एक बरोबर आणि बाकीचे चूक असे म्हणायला माझे मन तयार होत नाही. तिन्हींच्या मागे कुणीतरी विचार केलेला आहे. मी लेखाचे शीर्षक पाठ्यपुस्तकाप्रमाणे ठेवते, कारण हे शब्द शोधत येणारी बहुतेक मुले शाळेतली असतात असे मी धरून चालते. उरलेले शब्द पहिल्याच वाक्यात ठळक देते आणि प्रत्येकाचे पुनर्निर्देशन करते, म्हणजे तो शब्द शोधणारा आपोआप याच लेखावर येतो. आजोबांनी 'वक्रीभवन' टंकले तरी ते त्याच पानावर पोचतात.

पुनर्निर्देशनाचे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळू नका. नुसता शब्द लिहिताना 'अणू' दीर्घ, समासात 'अणुभट्टी' ऱ्हस्व, हा आपला शुद्धलेखनाचा नियम. संगणकाला 'अणु' आणि 'अणू' ही दोन वेगळी पाने आहेत.

अणूचाच विषय निघाला आहे तर सगळ्यात फसव्या चुकीकडे वळते. इंग्रजी शब्द तसाच राहिला तर तो डोळ्यांत खुपतो, कुणीतरी दुरुस्त करतो. हिंदी लेखावरून आलेला शब्द मात्र मराठीच वाटतो आणि वर्षानुवर्षे तिथेच बसून राहतो. मला एका लेखात हे वाक्य सापडले होते: "पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात." हिंदीत हे अगदी बरोबर आहे. मराठीत अणू म्हणजे हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतल्या अणूला आपण रेणू म्हणतो. "पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात." क्षाराचेही तेच. आपल्या शाळेत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो. हिंदीत त्या पदार्थाला लवण म्हणतात आणि क्षार आम्लाच्या विरुद्ध बाजूला उभा असतो. दहावीच्या मुलाने असे पान वाचून उत्तर लिहिले तर त्याचे गुण जातील आणि का गेले हे त्याला कळणारही नाही. द्रव्यमान, यौगिक, घनत्व हे शब्द दिसले की मी सबंध लेख पहिल्यापासून तपासते. वस्तुमान, संयुग, घनता एवढे घालून भागत नाही, कारण अणू आणि क्षारही तिथेच दडलेले असण्याची शक्यता असते.

ग्रहांच्या तक्त्यांत 'वजन' आणि त्यापुढे किलोग्रॅम दिसले तर तिथे वस्तुमान हवे. 'अंश केल्व्हिन' दिसले तर 'अंश' काढा.

बदल करताना आधी लेखाचा इतिहास उघडा, शब्द कुणी आणि का घातला ते बघा. वाद होईल असे वाटले तर चर्चा पानावर दोन ओळी लिहून आठवडाभर थांबा. अनेक लेखांना लागू होणारी गोष्ट असेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडा. संपादनाच्या सारांशात कोशाचे नाव द्या. स्वतः घडवलेला शब्द, कितीही देखणा असला तरी, विकिपीडियावर आणू नका. आणि शोधा-बदला किंवा सांगकाम्या (आपोआप संपादने करणारा बॉट) यांच्या हाती परिभाषा देऊ नका. 'अणुशक्ती'चे सरसकट 'अणुऊर्जा' करायला गेलात तर मुंबईतले अणुशक्तिनगरही तावडीतून सुटत नाही.

मी एक वही ठेवते: शब्द, कुठे मिळाला, आणि तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य. पुढे मला विज्ञान-अनुवादाची कामे मिळाली ती याच वहीच्या जोरावर. पदवीपेक्षा मी कोणता शब्द का निवडते, याचे उत्तर विचारले गेले आणि ते माझ्याकडे तयार होते.

खतांच्या लेखावर निरोप लिहिणारे ते काका अजूनही भेटतात, चर्चा पानांवरच. मागच्या महिन्यात त्यांनी 'कर्ब'बद्दल विचारले. मूलद्रव्याच्या लेखाला आपण कार्बन म्हणतो हे त्यांना मान्य आहे, पण माती परीक्षणाच्या अहवालात सामूच्या (पीएचच्या) जोडीने 'सेंद्रिय कर्ब' येतो, तो शोधणाऱ्याला थेट मूलद्रव्याच्या पानावर नेऊन सोडायचे का? आम्ही ठरवले, 'कर्ब' कार्बनकडे जाईल आणि 'सेंद्रिय कर्ब' हा स्वतंत्र लेख होईल. मसुदा माझ्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, आहे. अहवालातले आकडे कसे वाचायचे तो भाग ते लिहिणार आहेत.