पाइप तुंबण्याआधी ओळखा: एकीकडे पाणी सोडा, दुसरीकडे कान द्या

सिंकमध्ये पाणी काठोकाठ उभं राहिलं की तुंबलंय हे कुणालाही कळतं. पण त्याआधी कितीतरी दिवस पाइप खुणा देत असतो, आणि तेव्हाच लक्ष दिलं तर काम अर्ध्या तासात हातासरशी उरकतं. ‘दर महिन्याला पाइप साफ करायची पावडर ओता, बाकी काही बघायला नको’ हा सल्ला मला आता ऐकवत नाही. कुठे अडलंय ते कळल्याशिवाय काहीही ओतू नका.

१. जाळी उचला

अडकलेले केस आणि कचरा काढा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

२. भोवरा बघा

बेसिनला बूच लावा, एका ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरा आणि बूच काढा. पाइप मोकळा असेल तर पाणी उतरत आलं की मधोमध भोवरा धरतो, आणि शेवटचं पाणी सुर्रकन ओढलं जातं. आत थर साचत असेल तर भोवरा धरतच नाही. पाणी थाळीसारखं सपाट राहून हळूहळू खाली जातं आणि मागे फेसाचं कडं उरतं.

किती सेकंद लागले ते मोजून लिहून ठेवा. दुसऱ्याच्या घरचा आकडा तुमच्या कामाचा नाही, कारण पाइपची जाडी आणि उतार घरोघरी वेगळा. तुमच्याच बेसिनला आधी १५ सेकंद लागत होते आणि आता ४० लागत असतील, तर सफाईची वेळ झाली.

३. वासाला लगेच घाबरू नका

वास येतो म्हणजे तुंबलंच असं नाही. प्रत्येक निचऱ्याखाली ट्रॅप असतो, म्हणजे पाइपचं वळण किंवा बाटलीसारखा भाग. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं आणि तेच खालचा वास अडवतं. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते सुकून जातं. दोन मग पाणी ओता. तासाभरात वास गेला तर तिथे साफ करण्यासारखं काही नाही. रोज वापरातल्या ठिकाणी वास टिकून राहिला तर मात्र बहुधा आत बुळबुळीत थर धरलाय.

जाळीभोवती बारीक, केसाळ पंखांच्या माश्या दिसत असतील तर रात्री जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, आणि कडेला हवेपुरती फट ठेवा. सकाळी माश्या चिकटलेल्या असतील तर त्यांची पैदास त्याच थरात होतेय.

४. गुडगुड कुठून येते आणि कधी येते

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि मीही इथेच फसले होते. स्वयंपाकघरातलं सिंक अधूनमधून गुडगुडायचं. दोन महिन्यांत मी त्याचा ट्रॅप तीनदा खोलला. तिन्ही वेळा तो जवळपास स्वच्छ निघाला, तिसऱ्यांदा वॉशर तुटला आणि कपाटाच्या तळाला पाणी मुरलं. मग एकदा लक्षात आलं की सिंक कोरडं असतानाही आवाज येतोय, आणि नेमक्या त्याच वेळी वॉशिंग मशीन पाणी बाहेर टाकतंय. अडथळा सिंकमध्ये नव्हताच. दोघांचं पाणी पुढे ज्या एका पाइपला मिळतं, तिथे तो होता.

असं होण्याचं कारण साधं आहे. अर्धवट अडलेल्या पाइपमध्ये एकदम पाणी आलं की ते पाइप पूर्ण भरून टाकतं. त्याच्या पुढची हवा दाबली जाते, मागे पोकळी होते. त्या हवेला वाट मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या ट्रॅपमधल्या पाण्यातून बुडबुडे काढत ये-जा करते. कधी त्या ओढीने ट्रॅपमधलं पाणीच खेचलं जातं, आणि आवाजापाठोपाठ वासही सुरू होतो. आधी गुडगुड आणि मग वास, असा क्रम दिसला तर नुसतं पाणी ओतून भागणार नाही.

तेव्हा तपासणी दोघांनी करा. एकाने एका ठिकाणी बादलीभर पाणी एकदम ओतावं, दुसऱ्याने बाकीच्या जाळ्यांपाशी वाकून ऐकावं आणि ट्रॅपचं पाणी हलतंय का ते बघावं. मग जागा बदला. जिथे ओतलं तिथेच पाणी रेंगाळलं आणि बाकी सगळं शांत राहिलं, तर अडथळा त्याच ट्रॅपमध्ये किंवा लगेच पुढे आहे. एकीकडे ओतलं आणि दुसरीकडे गुडगुडलं, तर दोघांच्या सामाईक पाइपमध्ये. सगळीकडे पाणी झपाझप जातंय पण आवाज मात्र येतोय, तर छपरावर गेलेला हवेचा पाइप पानांनी किंवा घरट्याने बंद झालाय का ते बघायला सांगा.

आणि कमोडचं फ्लश केल्यावर बाथरूमच्या फरशीवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर थांबा. ती जाळी सगळ्यात खाली असते, म्हणून मुख्य पाइप भरला की पाणी पहिल्यांदा तिथून वर येतं. घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि प्लंबरला बोलवा. तिथे प्लंजर मारत बसू नका.

५. चेंबर

घराबाहेरच्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडता येत असेल तर बघा. भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रिकामं असेल तर घर आणि चेंबर यांच्या मध्ये. प्लंबरला फोनवर एवढंच सांगितलं तरी त्याची निम्मी शोधाशोध वाचते. लांबूनच बघा, वाकून आत डोकावू नका, उतरायचं तर नावच नको. तिथला वायू जीव घेतो.

६. सफाई

एकाच ठिकाणचं असेल तर खाली बादली ठेवून ट्रॅप खोला, ब्रशने घासा, वॉशर नीट बसवून पुन्हा लावा. पुढे असेल तर स्प्रिंगची तार घाला. उकळतं पाणी पीव्हीसी पाइपमध्ये ओतू नका, साधारण ८० अंशांना तो मऊ पडतो. कॉस्टिकची पावडर साचलेल्या पाण्यात तर कधीच टाकू नका. पाणी तापतं, उसळतं, आणि नंतर जो ट्रॅप खोलेल त्याच्या डोळ्यांत उडतं. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून आधी कुणी काय ओतलंय ते घरात विचारून घ्या आणि प्लंबरलाही सांगा.

ट्रॅप पुन्हा लावल्यावर सांध्याखाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटं नळ चालू ठेवा. कागद कोरडा राहिला की पुन्हा बूच लावून भोवरा बघा, आणि नवे सेकंद तारखेसह जुन्या आकड्याखाली लिहा.