ढोकळ्यावर लाल ठिपके? सोड्याच्या या चुका टाळा

झाकण काढावं तर पिवळाधमक ढोकळा, आणि मध्येच कुंकू सांडल्यासारखे लाल ठिपके. बेसन चांगलं असतं, हळदही भेसळीची नसते. हळदीच्या डागावर साबण घासला की डाग लाल होतो ना, तोच हा प्रकार. सोड्याची गुठळी फुटली नाही की तिथली हळद लाल पडते. सोडा चाळून, दोन चमचे पाण्यात विरघळवून मगच पिठात घाला.

तोंडात साबणासारखी चव येते, ही दुसरी तक्रार. सगळे म्हणतात सोडा जास्त झाला. बरेचदा आंबट कमी पडलेलं असतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पुरेसं आंबट मिळालं तर ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. नुसत्या वाफेवर सुटतो निम्माच, २२ ग्रॅम, आणि मागे उरतं सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा! ढोकळा फुगला नाही म्हणून पुढच्या वेळी आपण सोडाच वाढवतो आणि चव आणखी बिघडवतो. वाढवायचं ते दही किंवा लिंबू. फ्रूट सॉल्ट वापरत असाल तर आंबट त्यातच असतं. पण ते घातल्यावर पीठ ठेवून फोनवर बोलत बसू नका. आधी पाण्याला उकळी आणा, मग ते पिठात घालून लगेच वाफवायला लावा.

सोडा जुना झालाय का, हे लिंबाचा थेंब टाकून कळतं. फसफसला तर चालेल. मात्र चिठ्ठी निघालेल्या बरणीत खायचा आहे की धुण्याचा, हे लिंबू सांगणार नाही. दोन्ही फसफसतात. अशी बरणी स्वयंपाकातून बादच करा.

सिंक घासायला सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणं मला तरी वाया घालवणं वाटतं. फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं बहुतेक सोडियम अॅसिटेटचं पाणी. नुसता ओला सोडा घासा.

तुंबलेल्या मोरीसाठी कॉस्टिक सोडा आणलात तर तो थंड पाण्यात थोडाथोडा टाका. त्याच्यावर पाणी ओतलंत तर उकळून अंगावर उडेल. हातमोजे, चष्मा हवाच. भांडं म्हणून प्लास्टिकची बादली घ्या; अॅल्युमिनियमचं पातेलं तो खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. धुण्याच्या सोड्यानेही ही पातेली काळी पडतात.