महागडा कॅमेरा घेताना विक्रेत्याला हे विचारा

रिको जीआर ३ किंवा फुजीफिल्म एक्स१०० मालिकेतला कॅमेरा मागितलात, की काउंटरवर बऱ्याचदा ऐकू येतं, "याला झूम नाही, लेन्स बदलत नाही, त्यापेक्षा हा घ्या ना!" आणि किट लेन्सवाला (सोबत येणाऱ्या साध्या लेन्सचा) मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, पुढ्यात येतो. यात लबाडी असतेच असं नाही. कमी खपणारा माल दुकानात पडून राहतो, ठरावीक मॉडेलवर इन्सेंटिव्ह मिळतो, आणि असे कॅमेरे विक्रेत्यानं स्वतः अनेकदा वापरलेले नसतात.

म्हणून आधी विचारा, "तुम्ही यावर फोटो काढलेत का?" हो म्हणणारा भेटला तर त्याच्यापाशी अर्धा तास थांबा. तो जीआर हातात देऊन दाखवेल, की स्नॅप फोकसचं, म्हणजे आधीच ठरवून ठेवायच्या फोकसचं, अंतर समजा दोन मीटर ठेवलं आणि शटर एका दमात पूर्ण दाबलं, तर कॅमेरा फोकस शोधत न बसता लगेच फोटो टिपतो. रस्त्यावरच्या फोटोंसाठी या कॅमेऱ्याची खरी किंमत इथे आहे, आणि ती छापील माहितीपत्रकातून कळत नाही.

स्वतःचं एसडी कार्ड न्या, दुकानाच्या दारात दहा-बारा फोटो काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. पैसे दुसऱ्या दिवशी. बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर हवाच. बिनबिलाच्या आयात मालावर भारतातली वॉरंटी धरू नका.