जन्माचे, विवाहाचे, मृत्यूचे दाखले परदेशात चालावेत म्हणून

नव्या देशात बस्तान बसवताना घर, बँक, नोकरी ही कामं आपोआप लक्षात राहतात. जन्माचा, विवाहाचा किंवा मृत्यूचा दाखला मात्र कोणी मागेपर्यंत आठवत नाही, आणि मागणी येते ती मुदत तोंडावर आलेली असताना. जोडीदाराचा व्हिसा, मुलाचं नाव शाळेत घालणं, दिवंगत आईवडिलांच्या खात्यावर वारस म्हणून हक्क सांगणं, पुढे नागरिकत्वाचा अर्ज: या प्रत्येक ठिकाणी एका देशाचा कागद दुसऱ्या देशाच्या कार्यालयाला पटवून द्यावा लागतो. नव्याने येणाऱ्या कुटुंबांना मी बरीच वर्षं या कामात मदत करते आहे, आणि प्रत्येकाला पहिलं सांगणं एकच असतं. कागद जिथून निघतो तिथून सुरुवात करू नका. तो जिथे द्यायचा आहे त्या कार्यालयापासून सुरुवात करा आणि तिथून मागे मागे या.

कारण दाखला कशा स्वरूपात हवा, हे तो देणारा देश ठरवत नाही. घेणारं कार्यालय ठरवतं. म्हणून आधी त्यांनाच विचारा. संपूर्ण नोंदीची प्रत हवी की संक्षिप्त दाखला चालेल? तो किती जुना चालतो? अपोस्टिल (दाखल्यावरची सही-शिक्का खरा असल्याचं, करारातल्या देशांत चालणारं प्रमाणपत्र) हवं, वकिलातीचा शिक्का हवा, की दोन्ही नको? भाषांतर कोणाकडून करून घ्यायचं? मूळ दाखला ठेवून घेणार की बघून परत देणार? हे सगळं ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर बदलू शकतं. लेखी उत्तर समोर ठेवलं की निदान बोलायला आधार मिळतो.

कधी कधी उत्तर असं येतं की शिक्क्याची गरजच नाही. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे परदेशी जन्मदाखला द्यायचा असेल तर सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि ते करण्याइतकी भाषा आपल्याला येते, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं असतं. दाखल्यावर अपोस्टिल हवंच अशी अट तिथे नाही. युरोपीय संघातल्या एका देशाने दिलेला जन्माचा किंवा विवाहाचा दाखला संघातल्याच दुसऱ्या देशात द्यायचा असेल, तर १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपोस्टिल मागता येत नाही, आणि दाखल्यासोबत बहुभाषिक नमुना (दाखल्यातला मजकूर दुसऱ्या देशाच्या भाषेत देणारा ठरलेला फॉर्म) मागून घेतला तर बहुतेक वेळा भाषांतराचाही खर्च वाचतो. पण हा नियम संघातल्या देशांनी दिलेल्या कागदांपुरता आहे. तुम्ही संघात राहता म्हणून बाहेरच्या देशाच्या दाखल्याला ती सवलत मिळत नाही. या एका मुद्द्यावर फार जणांची गल्लत होते.

आता अपोस्टिल म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्या गावच्या निबंधकाची, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची, सही परदेशातल्या कारकुनाला ओळखू येणं शक्य नाही. म्हणून पूर्वी एक लांबलचक साखळी होती: निबंधकाची सही खरी असल्याचं वरचं कार्यालय सांगणार, त्या कार्यालयाची सही परराष्ट्र मंत्रालय ओळखणार, आणि मंत्रालयाची सही दुसऱ्या देशाची वकिलात. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग इथे झालेल्या कराराने या साखळीचा शेवटचा भाग तोडला. २४ जानेवारी १९६५ पासून तो अमलात आहे आणि आज १२० हून अधिक देश त्यात सामील आहेत. सदस्य देशाने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडलं की दुसऱ्या सदस्य देशात वकिलातीचा शिक्का मागायचा नाही, इतकाच तो करार आहे. प्रमाणपत्राची चौकट निदान ९ सेंटीमीटर बाजूची, आत १ ते १० क्रमांकांचे रकाने, आणि माथ्यावर कराराचं नाव फ्रेंचमध्ये. कोणत्याही देशाचं असो, नमुना हाच.

हे प्रमाणपत्र तीन गोष्टींची हमी देतं: सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता, शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. दाखल्यातला मजकूर बरोबर आहे का, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. पुढच्या बहुतेक अडचणी ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे येतात.

एक उदाहरण झेरॉक्सचं. मूळ दाखला हातचा जाऊ नये म्हणून लोक नोटरीकडून प्रत साक्षांकित करून घेतात आणि त्या प्रतीवर अपोस्टिल मिळवतात. कागद रुबाबदार दिसतो, पण त्या अपोस्टिलने ओळख पटवली ती नोटरीच्या सहीची. निबंधकाच्या सहीबद्दल कोणीच काही सांगितलेलं नाही. विवाह नोंदणी किंवा नागरिकत्वाच्या कामात असा कागद बहुधा परत येतो. त्यापेक्षा निबंधकाकडून नवी प्रमाणित प्रत काढा आणि शिक्का तिच्यावर घ्या. तुमच्याकडचा जुना, आठवणीचा दाखला घरीच राहू द्या. प्रत काढताना एकीच्या जागी दोन-तीन मागून घ्या. मृत्यूच्या दाखल्याबाबत तर हे आवर्जून करा, कारण बँक, विमा, निवृत्तिवेतन आणि मालमत्ता अशी चार दारं एकाच वेळी उघडावी लागतात आणि प्रत्येकाला मूळ प्रत हवी असते.

प्रत कोणती, हेही महत्त्वाचं. अनेक देशांत जन्मदाखला दोन प्रकारचा असतो. छोट्या दाखल्यात नाव, तारीख, ठिकाण एवढंच. ब्रिटनच्या संक्षिप्त दाखल्यात आईवडिलांची नावंच नसतात. कौटुंबिक नातं सिद्ध करायचं असेल तर असा दाखला कुचकामी. अर्ज करतानाच संपूर्ण नोंदीची प्रत असं स्पष्ट लिहा. विवाहाच्या बाबतीत धार्मिक विधीनंतर मिळालेलं पत्र आणि सरकारी नोंदवहीतला दाखला यांत गल्लत करू नका. सही सरकारी अधिकाऱ्याची नसेल, तर शिक्का मारणाऱ्याकडे जुळवून बघायला काही नसतं.

शिक्का कुठे मिळतो, हा प्रश्न देशागणिक बदलतो. अमेरिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी राज्यांकडे असतात, त्यामुळे टेक्सासमधल्या जन्मदाखल्याचं अपोस्टिल टेक्सासच देणार. न्यूयॉर्कमध्ये राहता म्हणून तिथे मिळणार नाही, आणि वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातंही देणार नाही. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याचं एक कार्यालय हे काम करतं. भारतात राज्य पातळीवरचं साक्षांकन आधी होतं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. या पायऱ्यांचा क्रम मोडता येत नाही, कारण प्रत्येक अधिकारी आपल्या आधीच्या सहीशी नमुना ताडून बघतो. मधली एक सही राहिली तर पुढचा अधिकारी पाऊल टाकत नाही.

दोन्ही देश करारात आहेत म्हणून अपोस्टिल चालेलच, असंही धरून चालू नका. नव्या सदस्याबद्दल जुना सदस्य आक्षेप नोंदवू शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला, तेव्हा काही युरोपीय देशांनी आक्षेप घेतले होते. बाकीच्यांनी ते पुढे मागे घेतले, जर्मनीने कायम ठेवला. त्यामुळे भारतीय दाखल्यावरचं अपोस्टिल जर्मनीतल्या कार्यालयावर बंधनकारक नाही. तिथलं कार्यालय गरज वाटली तर भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदाची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतं आणि त्यात काही महिने जातात. जर्मनीत लग्न करायचं ठरवलेल्यांनी तारीख पक्की करण्याआधी हे विचारून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हॉल ठरतो, नातेवाइकांची तिकिटं निघतात, आणि कागद पडताळणीत अडकलेला असतो.

करारातले देश वाढतही असतात. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये, चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॅनडा ११ जानेवारी २०२४ ला आत आला. म्हणून तीन-चार वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेल्या मित्राचा सल्ला आज उपयोगाचा नाही, मित्र कितीही विश्वासू असला तरी. कोणता देश कधीपासून आत आहे आणि कोणाचा कोणावर आक्षेप आहे, याची यादी हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. ती स्वतः उघडून पाहा. संयुक्त अरब अमिराती मी हे लिहीपर्यंत करारात नाही. तिथे जुनी साखळीच चालते: आपल्या परराष्ट्र मंत्रालयानंतर अमिरातीची वकिलात, आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन.

एक पेच वेगळा सांगायला हवा. मूल परदेशात जन्मलं आणि त्याचा दाखला तुम्ही वकिलातीतून घेतला, तर त्या दाखल्यावर अपोस्टिल मिळत नाही. वकिलातीने दिलेले कागद करारातून पहिल्याच कलमात वगळले आहेत. मूल ज्या देशात जन्मलं तिथल्या निबंधकाचा दाखला मात्र अपोस्टिलला पात्र असतो. म्हणून बाळाच्या जन्मानंतर स्थानिक दाखल्याच्या संपूर्ण नोंदीच्या प्रती घेऊन ठेवाच.

शिक्क्याच्या मागे धावण्याआधी मजकूर तपासा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आईवडिलांची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. कुठे मधलं नाव पूर्ण असतं, कुठे नुसतं आद्याक्षर. कुठे लग्नाआधीचं आडनाव, कुठे नंतरचं. चुकीच्या दाखल्यावर कितीही शिक्के मारले तरी चूक तशीच राहते, आणि दुरुस्ती झाली की सगळे शिक्के नव्याने घ्यावे लागतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, पण शक्य असेल तर मूळ नोंदवहीतच दुरुस्ती करून घ्या, असंच मी म्हणेन. वेळ लागतो, पण पुढच्या प्रत्येक कार्यालयात तो प्रश्न पुन्हा निघत नाही. आडनाव लग्नामुळे बदललं असेल तर विवाहाचा दाखला हाच दोन नावांमधला दुवा असतो; तो मागितला नसला तरी सोबत ठेवा.

भाषांतर शक्यतो शिक्क्यानंतर करा. बरीच कार्यालयं अपोस्टिलच्या पानाचंही भाषांतर मागतात, आणि आधी करून घेतलं असेल तर ते अपुरं पडतं. जर्मनी, फ्रान्स, स्पेन अशा देशांत न्यायालयाने किंवा सरकारने मान्यता दिलेले शपथबद्ध भाषांतरकार असतात. तिथे मायदेशातून करून आणलेलं भाषांतर पुष्कळदा नाकारलं जातं. तो खर्च त्या देशात पोहोचल्यावरच करा. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत आधीच द्या, म्हणजे नावं पासपोर्टप्रमाणेच लिहिली जातील. नाहीतर तो आपल्या भाषेच्या लिप्यंतराच्या नियमाने लिहितो आणि तुमच्या नावाचं तिसरं रूप तयार होतं.

मुदतीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अपोस्टिल संपण्याची तारीख करारात नाही. पण घेणारं कार्यालय दाखलाच अलीकडचा मागू शकतं, विशेषतः लग्नाच्या कामात, जिथे ३ किंवा ६ महिन्यांची अट नेहमी दिसते. अविवाहित असल्याच्या प्रमाणपत्राला ही अट फारच कडक असते. ते सगळ्यात शेवटी काढा.

काम एजंटकडे द्यायचं असेल तर द्या. प्रत्येकाला स्वतः फिरणं जमत नाही. पण कागद हाती आल्यावर खात्री स्वतः करा. अनेक देशांच्या अपोस्टिलवर क्रमांक आणि क्यूआर कोड असतो, आणि तो देणाऱ्या खात्याच्या ऑनलाइन नोंदवहीत बघता येतो. नोंद सापडली नाही तर तो कागद कुठेही देऊ नका. खोटा शिक्का तुम्हाला ठाऊक नसताना मारलेला असला, तरी अर्जावर सही तुमची असते, आणि त्याचे परिणाम व्हिसाच्या नोंदींत वर्षानुवर्षं राहतात.

दाखल्याला लॅमिनेशन करू नका. शिक्का उमटत नाही, कागद हाताने तपासता येत नाही, आणि अनेक ठिकाणी तो घेतच नाहीत. अपोस्टिल वेगळ्या पानावर जोडलेलं असेल तर स्कॅन करतानासुद्धा टाचणी किंवा रिबन सोडू नका. पानं सुटी झाल्याचं दिसलं की कार्यालय तो कागद नाकारू शकतं. पान उलटून, टाचणीसकट, दोन्ही बाजू स्कॅन करा. आणि मूळ प्रत खिडकीवर देताना पोच घ्या, त्यावर किती पानं दिली ते लिहून घ्या.